गड्ड्यातला ब्रेक डान्स आणि ५०चं कोडं

सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत आमच्या कॉलेजची एक मुलगी भेटली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सैद्धांतिक अणुकेंद्र भौतिकीत प्राध्यापक व्हायचं म्हणते. सोबत तिचे मामा. त्यांचे प्रश्न दोनच. "बॉम्ब करायचं शिकवतेत का ओ सर तिथं? आन् पगार कधी सुरू हुतो?"

पहिल्याचं उत्तर सोपं. सैद्धांतिकवाल्याच्या हाती युरेनियम येतच नाही. कागद, फळा, कॉम्प्युटर, संपलं. दुसरा प्रश्न अवघड, कारण मी स्वतःच तासिका तत्त्वावरचा. म्हणून समोरच्या 'ब्रेक डान्स' पाळण्याकडे बोट दाखवलं.

अणूच्या मधोमध असलेल्या केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन मुठीतल्या शेंगांसारखे कोंबलेले असतात, असं चित्र शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात तेही इलेक्ट्रॉनांसारखे ठरावीक पातळ्यांवर, थराथराने भरतात. थर गच्च भरला की केंद्रक जास्त पक्कं. हे घडतं प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ झाले की. कल्हईवाल्याचं कथील घ्या: ५० प्रोटॉन, आणि स्थिर समस्थानिकं (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त) १०. इतकी दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याची नाहीत.

या आकड्यांना 'जादुई अंक' म्हणतात. गाडीच्या नंबरासाठी जादा पैसे मोजलेल्या एका गृहस्थांनी मला यातला लकी कुठला म्हणून विचारलं होतं. लकी कुठलाच नाही, आणि जादूही नाही. हिशेब आहे.

साध्या गणितानं थर भरतात २, ८, २०, ४०, ७०, ११२ला. पहिले तीन जुळतात, पुढे सगळं बिनसतं. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट मायर इथंच अडल्या होत्या. दुसरे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी जाता जाता विचारलं, स्पिन-ऑर्बिट कपलिंगचा, म्हणजे कणाचं स्वतःभोवतीचं फिरणं (स्पिन) आणि कक्षेतलं फिरणं यांच्या सांगडीचा, काही पुरावा दिसतो का? आणि कुलूप उघडलं.

ब्रेक डान्समध्ये अख्खा चौथरा फिरतो, शिवाय प्रत्येक डबा स्वतःभोवती गरगरतो. केंद्रकात दोन्ही फिरणी एकाच दिशेची असली तर कणाची ऊर्जा कमी होते, उलट असली तर वाढते. (इलेक्ट्रॉनांत हा फरक चिमूटभर, आणि दिशाही उलटी.) कक्षेचा कोनीय संवेग (फिरण्याचं माप) जितका मोठा, तितका फरक जास्त. वरच्या थरातला सर्वांत मोठ्या संवेगाचा गट इतका खाली घसरतो की खालच्या थरात येऊन बसतो. ४०च्या वरच्या थरात या गटाचा संवेग ४, त्यात स्पिनचा अर्धा मिळवून साडेचार. दुप्पट करून १ मिळवा, जागा १०. ४० अधिक १०, पन्नास! पुढे साडेपाचच्या १२ जागा: ७० अधिक १२, ब्याऐंशी. साडेसहाच्या १४: ११२ अधिक १४, एकशे सव्वीस. साडेतीनचे ८ मात्र खाली मिसळत नाहीत, मधेच वेगळे राहतात: २० अधिक ८, अठ्ठावीस. हा हिशेब मी दरवर्षी फळ्यावर मांडतो आणि दरवर्षी तितकाच खूश होतो. निम्मा वर्ग तोवर मोबाइलमध्ये गेलेला असतो.

१९४९मध्ये जर्मनीत हान्स येन्सन यांनाही स्वतंत्रपणे हेच सापडलं. १९६३च्या भौतिकीच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला, उरलेला अर्धा यूजीन विग्नर यांना.

पण मामांचा प्रश्न पगाराचा होता. नेट किंवा जेस्ट ही प्रवेश परीक्षा, पाचेक वर्षं पीएच.डी., मग पोस्टडॉक म्हणजे तात्पुरती संशोधनाची नोकरी, मग कुठे जागा निघाली तर सहायक प्राध्यापक, हे सांगितलं. मायरबाईंचंही सांगितलं: नवरा-बायकोला एकाच ठिकाणी नेमायचं नाही असे नियम, म्हणून शिकागो विद्यापीठात त्या बिनपगारी. पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद मिळालं १९६०मध्ये, सॅन दिएगोला.

"म्हंजे वय काय झालतं?"

"पन्नाशी उलटलेली."

मामा गप्प झाले. भाची तोवर ब्रेक डान्सच्या तिकिटाच्या रांगेत जाऊन उभी होती.