बेंच प्रेस स्पर्धेपूर्वीचे अखेरचे आठवडे

पॉवरलिफ्टिंगच्या तीन प्रकारांपैकी बेंच प्रेसच्या, म्हणजे बाकावर उताणे झोपून बार छातीपर्यंत आणून वर ढकलण्याच्या, स्पर्धेत उतरणारा खेळाडू शेवटचे सुमारे चार आठवडे नेहमीपेक्षा वेगळा सराव करतो. आहार आणि झोपही त्याबरोबर बदलतात. जिमच्या बोलीत या काळाला ‘पीकिंग’ म्हणतात आणि त्यातल्या अगदी शेवटच्या, काम उतरवत नेण्याच्या टप्प्याला ‘टेपर’. या चार आठवड्यांत ताकद फारशी वाढत नाही. जी काही कमाई आहे ती मागच्या महिन्यांतली. अंगात साठलेला थकवा काढून ती कमाई वर येऊ देणे आणि पंचाच्या हुकमावर बार उचलायची सवय लावणे, एवढेच काम उरते. नवख्याला नेमके हेच पटत नाही. स्पर्धा जवळ आली की तो रोज छाती मारतो, रोज आपला कमाल आकडा तपासतो आणि स्पर्धेच्या दिवशी खांदे धरून बसतो.

थकवा ताकदीला झाकतो, हा विचार नवा नाही. कॅनडातील एरिक बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तो गणिती रूपात मांडला. सरावाने क्षमता आणि थकवा दोन्ही वाढतात, पण थकवा लवकर ओसरतो. म्हणून काम कमी केल्यावर काही दिवस खेळाडू नेहमीपेक्षा ताजा आणि जोरकस असतो. किती कमी करावे याचे सर्वांत जास्त उद्धृत होणारे उत्तर लोराँ बॉस्के आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या संकलित अभ्यासात मिळते. सुमारे दोन आठवडे, कामाचे एकूण प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी, आणि तीव्रता मात्र तशीच. तो अभ्यास मुख्यतः पोहणे, धावणे आणि सायकलिंगच्या खेळाडूंवरचा आहे. वजन उचलणाऱ्यांनी तो उसना घेतला, आणि सेट कमी करायचे पण बारवरचे वजन फार उतरवायचे नाही एवढे सार त्यांनाही लागू पडते. जमिनीवरून बार उचलण्याच्या, पाठीवर आणि कमरेवर पडणाऱ्या डेडलिफ्टच्या मानाने बेंचचा थकवा लवकर उतरतो. त्यामुळे बेंचवाल्याला शेवटचे जड वजन स्पर्धेच्या सात ते दहा दिवस आधीपर्यंत हाताळता येते.

जिममध्ये छातीवर नीट थांबवून १२० किलो उचलणाऱ्याचे उदाहरण घेऊ. चार आठवडे आधी तो १०० ते १०२.५ वर तीन-तीन रेपचे (एका दमात तीन उचली) तीन-चार सेट करील. पुढच्या आठवड्यात १०७.५ वर दोन-दोनचे. स्पर्धेला नऊ-दहा दिवस उरले असताना ११० आणि त्यानंतर फार तर ११५ चा एकेक रेप, दोन्ही हुकमावर. त्या दिवशी १२० मारून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो; जो आवरतो त्याचा तो आकडा स्पर्धेत उपयोगी पडतो. शेवटच्या आठवड्यात दोनच फेऱ्या: पाच दिवस आधी ९० च्या आसपास तीन एकेरी रेप, आणि दोन-तीन दिवस आधी ६०-७० किलोवर हात सैल करण्यापुरते काम. डिप्स, डंबेल फ्लाय, खांद्यांचे जड व्यायाम यांना दुसऱ्या आठवड्यातच सुट्टी द्यावी. पाठीचे हलके रोइंग मात्र चालू ठेवावे, नाहीतर खांदा पुढे ओढला जातो.

स्पर्धेतला बेंच प्रेस आणि जिममधला बेंच प्रेस हे दोन वेगळे प्रकार आहेत असे म्हटले तरी चालेल. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाची (स्थापना १९७२) नियमावली बहुतेक ठिकाणी आधाराला घेतली जाते. तीनुसार मुख्य पंचाचे तीन हुकूम असतात. कोपरे ताठ करून बार स्थिर धरला की ‘स्टार्ट’, छातीवर आणून निश्चल ठेवला की ‘प्रेस’, आणि वर पुन्हा ताठ धरला की ‘रॅक’. डोके, खांदे आणि नितंब बेंचला टेकलेले हवेत, पाऊल पूर्ण सपाट हवे, दोन तर्जनींमधले अंतर ८१ सेंमी.पेक्षा जास्त नको. २०२३ पासून आणखी एक अट आली. बार छातीवर असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीत किंवा त्याखाली जायला हवी. कमरेची मोठी कमान करून, रुंद पकडीत बार जेमतेम चार बोटे हलवणाऱ्यांवर तिचा परिणाम झाला. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे मिळाले तरच उचल ग्राह्य धरतात.

‘प्रेस’ कधी येईल हे पंच ठरवतो, आणि तेवढ्या थांब्यात दोन-तीन किलो सहज जातात. जिममध्ये मागे उभा राहणारा दोस्त मायेचा असतो. बार छातीला लागतो न लागतो तोच ‘घे, घे, जाता मरे!’ (होतंय रे!) म्हणत तो हात पुढे करतो, आणि बाराखाली चार बोटे लावून पाच किलो स्वतःच उचलतो. शेवटच्या आठवड्यांत मागे असा माणूस उभा करावा ज्याला आपली कीव येत नाही. त्याने दर वेळी थांबा कमीजास्त करावा, कधी मुद्दाम ताटकळत ठेवावे, आणि ‘रॅक’ म्हणण्याआधी बार ठेवला तर उचल सरळ बाद धरावी. चपला घालून किंवा अनवाणी बेंच मारणाऱ्यांनी याच काळात बूट, सिंगलेट (अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) आणि आत टी-शर्ट घालून सराव करावा. स्पर्धेत हे तिन्ही सक्तीचे आहेत, आणि बुटाचा तळ जाड झाला की पायांचा जोर वेगळ्या ठिकाणी पडतो.

बारही तपासून घ्यावा. प्रमाणित बार २० किलोचा, त्यावर प्लेट घट्ट धरणाऱ्या अडीच-अडीच किलोच्या दोन कॉलर. म्हणजे प्लेट चढवण्याआधीच २५ किलो. ११० किलोसाठी प्रत्येक बाजूला २५, १५ आणि २.५ लागतात. गल्लीतल्या जिममधला बार २० चाच असेल असे नाही. गोव्यात म्हापशातल्या एका जिममधला बार आम्ही एकदा तांदळाच्या दुकानातल्या काट्यावर ठेवला, तर तो १७ किलो भरला. वर्षभर १०० म्हणून जे उचलले ते ९७ होते हे त्या दिवशी कळले. असे कळायचेच असेल तर चार आठवडे आधी कळावे.

गोव्याची हवा हा या तयारीतला स्वतंत्र विषय आहे. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. पत्र्याच्या छपराखालच्या जिममध्ये रेक्झिनचा बेंच घामाने निसरडा होतो, आणि पायांचा जोर लावताच पाठ डोक्याकडे सरकते. कमान मोडते, बार छातीवर भलत्याच जागी उतरतो. सुती, जाडसर टी-शर्ट आणि पाठीवर थोडी खडूची पूड हा इथला नेहमीचा उपाय. नियमांनुसार मॅग्नेशियम कार्बोनेट आणि टाल्कसारखी पूड अंगाला चालते; तेल किंवा मलम चालत नाही, आणि बेंचवर वा बारवर परस्पर काही लावता येत नाही. खारी हवा बारवरही काम करते. पकडीसाठी कोरलेल्या खाचा गंजाने आणि जुन्या खडूने भरून गुळगुळीत होतात. नव्या बारची धारदार पकड हातांना अनोळखी वाटू नये म्हणून तारेच्या ब्रशने आपला बार आधीच साफ करून ठेवावा.

खाण्याच्या बाबतीत मासळीमुळे गोव्यातला खेळाडू सहसा सुखात असतो. बांगडा, उकड्या तांदळाचा भात, डाळ, अंडी यांवर त्याचे भागते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा ताजी मासळी महागते आणि ताटात सुके बांगडे, सुंगटे, खारे येतात. त्यांत प्रथिने भरपूर, पण मीठही भरपूर, आणि मिठाबरोबर अंगात पाणी साठते. आपल्या वजनगटाच्या हद्दीवर असलेल्या खेळाडूने शेवटच्या चार-पाच दिवसांत खारे, लोणचे आणि पापड बाजूला ठेवले तर बऱ्याचदा एवढ्यानेच काटा खाली येतो. पिण्याचे पाणी तोडून, उन्हात जॅकेट घालून धावून दोन-तीन किलो उतरवण्याची पद्धत या हवेत धोक्याची आहे, आणि निरुपयोगीही. वजन घेण्याची वेळ स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होते. तेवढ्यात गेलेले पाणी आणि क्षार भरून निघत नाहीत. ७४ किलोच्या गटात ओढूनताणून बसण्यापेक्षा पहिल्या स्पर्धेत ८३ मध्ये पोटभर जेवून उतरलेले बरे. वजन झाल्यावर मीठ घातलेली पेज आणि केळी पोटाला जड होत नाहीत.

कॅलेंडरकडे मात्र इथे जास्त लक्ष द्यावे लागते. चतुर्थीच्या दिवसांत घरात मासळी शिजत नाही, नेवऱ्या आणि पातोळ्यांसारखे गोड पदार्थ समोर येत राहतात, आणि रात्री घुमटांवर (मातीच्या वाद्यावर) आरत्या चालतात. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा जाळायला पोरे पहाटेपर्यंत जागी असतात. शिगम्यात, म्हणजे इथल्या होळीच्या सणात, रोमटामेळाच्या मिरवणुकीत तीन-चार तास ढोल गळ्यात घालून वाजवणाऱ्याचे खांदे दुसऱ्या दिवशी बेंचवर दगड झालेले असतात. कोणी यातून अंग काढून घ्यावे असे सुचवण्यात अर्थ नाही, वाड्यावर राहायचे असते. पण जड सराव सणाच्या आधी उरकून सणाचे दिवस टेपरमध्ये टाकता येतात. झोप मात्र नंतर भरून काढावीच लागते.

पावसाळी सर्दीसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या हा सापळा आहे. त्यांतल्या काहींत स्यूडोएफेड्रिन असते, आणि लघवीच्या नमुन्यात ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सापडले तर स्पर्धाकाळात ते उत्तेजक म्हणून धरले जाते. कॉफीतल्या कॅफीनवर २००४ पासून बंदी नाही, क्रिएटिन या ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या पूरकावर नाहीच. मित्राने दिलेली बिनलेबलची पावडर शेवटच्या महिन्यात तोंडात घालू नये.

स्पर्धेच्या दिवशी तीन प्रयत्न मिळतात. तिन्ही फसले तर खेळाडू बाद, जिमच्या भाषेत ‘बॉम्ब’. म्हणून पहिला प्रयत्न, म्हणजे ओपनर, सर्दी झालेल्या दिवशीही तीनदा उचलता येईल असा ठेवतात. आपल्या उदाहरणातल्या १२० किलोवाल्या खेळाडूसाठी तो ११० किंवा त्याहून थोडा खाली. दुसरा ११५ ते ११७.५, तिसरा त्या दिवसाचे अंग बघून. पहिल्याच प्रयत्नाला १२० लिहिणारे दर स्पर्धेत दोघे-तिघे निघतात. पहिला फसला की दुसऱ्याला तेच वजन, थकलेल्या हातांनी. वजन कमी करायला नियम परवानगी देत नाहीत.

वॉर्म-अपचा हिशेब मिनिटांत करावा. नाव पुकारून बार तयार झाल्यावर सुरुवात करायला एक मिनिट मिळते, त्यामुळे बारा जणांच्या गटात दोन प्रयत्नांमध्ये साधारण तेवढीच मिनिटे जातात. रिकामा बार, ६०, ८०, ९५ आणि शेवटचा १०२.५ चा एकेरी रेप मंचावर जाण्याआधी आठ-दहा मिनिटे संपलेला असावा. पंखे फिरत असले तरी अंगावरचा घाम वाळत नाही. टॉवेल दोन न्यावेत, कोरडा टी-शर्ट एक जादा.

उचल संपल्यावर पुढचे वजन सांगायलाही एकच मिनिट असते. श्वास लागलेल्या, दिव्यांकडे बघत राहिलेल्या खेळाडूला ते लक्षात राहत नाही, म्हणून हे काम सोबतच्या माणसाकडे द्यावे आणि तीन-चार आकडे आदल्या रात्री कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवावेत. वेळेत कोणी काहीच सांगितले नाही, तर यशस्वी उचलीनंतर पुढचे वजन आपोआप अडीच किलोंनी वाढवून धरतात.