बियाण्यासाठी किती धान्य राखावं? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शेतकरी बंधू-भगिनींनो,

मार्च-एप्रिलात मळणी उरकली की आमच्या चाळणी-प्रतवारी केंद्रावर एक प्रश्न हमखास येतो : "पन्नास पोती गहू झाला, बियाण्याला किती ठेवू?" पन्नास पोत्यांवरून याचं उत्तर निघत नाही. पुढच्या रब्बीला किती एकर पेरणार, कधी पेरणार आणि दाणा कसा आहे, एवढं सांगा. हिशेब लगेच होतो.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात पाहा. निफाड-दिंडोरीकडे बागायती गहू वेळेवर पेरला तर एकरी ४० ते ५० किलो बी लागतं. एकरी १६ क्विंटल उतारा धरला तर ४५ किलो म्हणजे पिकाचे पावणेतीन टक्के. जिरायत गव्हाला बी कमी लागतं, एकरी ३५ किलोच्या आसपास. पण उतारा ५ क्विंटल धरला तर हिस्सा सात टक्क्यांवर जातो. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरला पुनर्लागवडीच्या भाताला एकरी १६ किलो बी आणि १२ क्विंटल उतारा धरा, सव्वा टक्क्याच्या वर-खाली येतो. येवला-मालेगावकडच्या बाजरीला एकरी दीड किलो पुरतं. ८ क्विंटल पिकली तर क्विंटलमागे २०० ग्रॅमसुद्धा नाही!

जगातही हीच तऱ्हा. मध्ययुगीन युरोपात एक माप गहू पेरून तीन-चार मापं हाती येत, म्हणजे पिकाचा पाव ते तिसरा हिस्सा पुन्हा मातीत. सोव्हिएत संघात १९७० च्या दशकात पिकाचा सातवा-आठवा हिस्सा बियाण्यात जाई. कडक थंडीत रोपं मरत, वाढीचा हंगाम तोकडा, म्हणून पेरणी दाट. आणि उतारा कमी. अमेरिकेत आज गव्हाचे साधारण तीन टक्के बियाण्याला लागतात, मक्याचा पाव टक्काही नाही. आपल्याकडे सरकार देशाच्या धान्याच्या हिशेबात साडेबारा टक्के वजा धरतं. काही जण तेवढंच घरी बाजूला काढतात. तसं करू नका. त्या साडेबारा टक्क्यांत बियाणं, जनावरांचं खाद्य आणि नासाडी तिन्ही एकत्र आहेत.

दाण्याचं वजन

हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम असेल तर एकरी ४० किलोत दर चौरस मीटरला अडीचशेच्या आसपास दाणे पडतात. ५० ग्रॅमचा टपोरा बन्सी तेवढ्याच किलोने पेरला तर दाणे दोनशेच. म्हणून टपोऱ्या वाणाला किलो वाढवावे लागतात. हजार दाणे मोजून वजन करायला फार वेळ लागत नाही, आणि आमच्या मते बियाण्याच्या हिशेबात याहून उपयोगी काम दुसरं नाही.

पेरणीची तारीखही तितकीच महत्त्वाची. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या गव्हाला थंडी मिळते, फुटवे भरपूर येतात. उशीर झाला की फुटवे घटतात, म्हणून एकरी ५० ते ६० किलो बी लागतं. आणि १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटतं, ते जास्त बियाण्याने पूर्ण भरून निघत नाही. कांद्याच्या लागवडीत मजूर अडकले की गहू मागे पडतो, हे आम्ही दरवर्षी बघतो. तसं होणार असेल तर बी आधीच वाढवून राखा.

तीन एकरांचा हिशेब

एकरी ४५ किलोप्रमाणे १३५ किलो. हा आकडा ८५ टक्के उगवणीचा, प्रमाणित गव्हाला किमान तेवढी लागते. तुमच्या गव्हाची उगवण ७५ निघाली तर १५३ किलो लागेल. चाळणीत बारीक, फुटका आणि किडका दाणा मिळून साधारण दहावा हिस्सा बाजूला पडतो, म्हणून न चाळलेला गहू १७० किलो राखा.

उगवण घरीच तपासा. न निवडता शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. आठव्या दिवशी मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा. नुसतं मूळ फुटलेला दाणा धरू नका. असं चार वेळा करून सरासरी काढा. सत्तरच्या खाली आली तर तो गहू दळायला न्या.

त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, पंचवटी हे निफाडच्या संशोधन केंद्राचे सरळ वाण आहेत. यांचं घरचं बी तीन वर्षं बिनधास्त वापरा, मग नवीन घ्या. संकरित बाजरी आणि मक्याचं मात्र राखू नका, पुढच्या पिढीत पीक एकसारखं येत नाही. अवकाळीत भिजलेला, शेतातच मोड आलेला गहूही बियाण्याला घेऊ नका.

राखलेला गहू पुरा पावसाळा काढणार आहे. ओल १२ टक्क्यांच्या आत हवी. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. पोती भिंतीला न टेकवता फळ्यांवर ठेवा.

चाळणीला आणताना प्रत्येक वाणाची पोती वेगळी आणा आणि पोत्यावर वाणाचं नाव व मळणीची तारीख लिहा. ओल आम्ही समोरच मोजून दाखवतो. खाली पडलेला बारीक दाणा तुमचाच आहे, वेगळ्या पोत्यात भरून परत देतो.