आपल्यासारखं डोकं हाताळलेला डॉक्टर हुडका

बेळगावात हेअर ट्रान्सप्लांटचा विषय निघाला की दोनच प्रश्न ऐकू येतात, एका ग्राफ्टला, म्हणजे मुळासकट काढलेल्या केसांच्या एका गुच्छाला, किती घेतात आणि डॉक्टर आपल्यातला आहे काय. पहिला ठीक आहे, पैसे सगळ्यांचेच कष्टाचे. पण दुसऱ्याचं उत्तर लोक आडनावावरून काढतात आणि तिथंच गडबड होते. डॉक्टर मराठी आहे का कन्नड, लिंगायत आहे का जैन, ह्याचा तुमच्या केसाच्या मुळाशी काहीएक संबंध नाही. तुमच्यासारख्या केसांची डोकी त्यानं किती केलीत हे मात्र विचारायलाच पाहिजे, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

केस सगळ्यांचे काळेच की, त्यात काय एवढा फरक, असं वाटत असेल तर त्यासाठी लांब जायची गरज नाही. खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून आणलेले, त्यांचे केस घट्ट कुरळे. तिकडं मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे, त्यांचे केस जाड आणि सरळ. आणि मध्ये आपण बाकीचे, कुणाचे सरळ, कुणाचे लाटा असलेले, एखाद्याचे चांगलेच कुरळे. तीनेक तासांच्या गाडीच्या अंतरात एवढी तऱ्हा, आणि सर्जनच्या हाताला ह्यातलं प्रत्येक काम वेगळं.

आधी ऑपरेशन काय असतं ते बघू. टक्कल पडतं ते डीएचटी नावाच्या हार्मोनमुळं, तो पुढच्या आणि टाळूवरच्या मुळांना हळूहळू बारीक करत नेतो, पण मागच्या आणि कानावरच्या पट्ट्यातल्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. आणि ही मुळं पुढं आणून लावली तरी ती आपला मूळचा स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक ह्या डॉक्टरनं १९५० च्या दशकात दाखवलं. सगळं ट्रान्सप्लांट ह्या एका गोष्टीवर उभं आहे. खानापूरकडं भाताची लावण करतात तसंच, तरव्यातनं रोप मुळासकट काढायचं आणि शेतात लावायचं, फक्त हा तरवा परत पेरता येत नाही. मागचं जेवढं आहे तेवढ्यातच जन्म काढायचाय. त्यामुळं काढताना तुटलेलं प्रत्येक मूळ म्हणजे कायमचं नुकसान.

आता मुळं तुटतात कधी? आजकाल जास्त चालतं ते एफयूई, त्यात एक मिलिमीटरच्या आतबाहेरची गोल पंच घेऊन एकेक गुच्छ सुटा करतात. एका छिद्रातून एक, दोन, तीन, कधी चार केस उगवतात, त्याला एक ग्राफ्ट म्हणायचं. पंच जाते सरळ. सरळ केसाचं मूळ कातडीखालीही बऱ्यापैकी सरळ असतं, त्यामुळं बाहेर दिसणाऱ्या केसाचा कल धरला की काम होतं. घट्ट कुरळ्या केसाचं तसं नाही, तो कातडीच्या आतच धनुष्यासारखा वाकलेला असतो, वरून दिशा एक दिसते आणि खाली मूळ भलतीकडं गेलेलं असतं, सरळ घातलेली पंच त्याला मधोमध कापून टाकते. म्हणून अशा डोक्यावर जाणता डॉक्टर आधी थोडेच ग्राफ्ट काढून बघतो, किती अख्खे आले किती तुटले ते मोजतो आणि मगच पुढचं ठरवतो. गंमत म्हणजे काढायला अवघड असलेला हाच केस लावल्यावर सगळ्यात जास्त झाकतो, कारण वेटोळं जागा व्यापतं.

जाडीचंही असंच. युरोपियन केस साधारण ६० ते ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड, पूर्व आशियातल्या लोकांचा ८० ते १०० पर्यंत जातो. व्यास दीडपट झाला की छेदाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणजे ‘दोन हजार ग्राफ्ट’ हा आकडा प्रत्येक डोक्यावर वेगळा दिसणार, आणि शेजाऱ्याला एवढे लागले म्हणून आपल्यालाही तेवढेच हा हिशोब फुकटचा. वर जाड काळा केस कपाळाच्या पुढच्या ओळीत दोन-दोन, तीन-तीनच्या गुच्छानं लावला तर बाहुलीच्या डोक्यासारखं दिसतं, तिथं एकेकच केस पाहिजे.

आपल्या बाजूनं एक चांगलं आहे, सावळ्या कातडीवर काळा केस, त्यामुळं मधली मोकळी जागा तेवढी डोळ्यात भरत नाही, गोऱ्या कातडीवर ती लगेच दिसते. पण त्याच कातडीचा त्रासही आहे. जखम भरताना काळे डाग राहू शकतात, आणि मागून फार दाट काढलं तर पांढरे ठिपके दिसतात, ते बारीक कटिंग केल्यावर सलूनवाल्याच्या आरशात पहिल्यांदा कळतात. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली असेल, छातीवर किंवा खांद्यावर फोडीचा व्रण वाढून टणक झाला असेल, तर ते केलॉइड असू शकतं, सावळ्या-काळ्या कातडीत ह्याची शक्यता जास्त. डॉक्टरनं ते स्वतःहून विचारलं नाही तर तुम्ही सांगा, आणि विचारलं नाही हेही लक्षात ठेवा.

मोबाईलवर इस्तंबूलचे आणि कोरियाचे आधीचे-नंतरचे फोटो बघून भुलू नका. ते खोटेच असतात असं नाही, पण ते डोकं तुमचं नाही. कोरियन हिरोसारखी खाली, सरळ हेअरलाईन तिशीत झकास दिसते, पन्नाशीत तिच्यामागचे टाळूवरचे केस गेले की पुढं पट्टी तेवढी उरते. फोटो मागायचेच तर तुमच्यासारखा केस, तुमच्यासारखा रंग, वर्षभरानंतरचे, आणि डोक्याच्या मागचे सुद्धा. वर्षभर का, तर लावलेले केस पहिल्या महिनाभरात गळून जातात, नवे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसायला लागतात, खरा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी.

डिग्री बघायला लाजायचं नाही. नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून हे शिकता येत नाही, त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण पाहिजे. कर्नाटकात खासगी दवाखान्याला केपीएमईचं, म्हणजे खासगी दवाखान्यांसाठीच्या राज्याच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन लागतं. आणि तोंडावर विचारा, पंच कोण मारणार, केस बसवायच्या चिरा कोण पाडणार, तुम्ही की तुमच्या हाताखालची पोरं? बऱ्याच ठिकाणी डॉक्टर सकाळी रेषा आखून जातो. फॉर्म इंग्लिशमध्ये, बोलणं कन्नडात आणि आपण मराठीत मान डोलावतोय, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा, तसं असेल तर सही घरी जाऊन, वाचून करा, हे काही इमर्जन्सी ऑपरेशन नव्हे.

बावीस-तेवीसची पोरं लग्न ठरायच्या आत उरकून टाकू म्हणून येतात, त्यांचं मला वाईट वाटतं, कारण त्या वयात टक्कल कुठवर जाणार हे कुणालाच सांगता येत नाही. अशा पोराला जो डॉक्टर आधी वर्षभर मिनोक्सिडिल, फिनास्टेराइड ह्या केसगळतीच्या औषधांवर ठेवतो, त्यांचे साईड इफेक्ट समजावून सांगतो, दर काही महिन्यांनी फोटो काढून तुलना करतो आणि पहिल्याच दिवशी ॲडव्हान्स घेत नाही, त्याच्याकडं परत जायला हरकत नाही.