मुका मार, की मोडलेला मणका?

"एक्स-रे नॉर्मल आला, मुका मारच आहे." हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि दर वेळी मला त्याची धास्ती वाटते. एसटीच्या मागच्या सीटवर बसलेली सत्तरीची बाई गतिरोधकावर वर उडते, धाडकन सीटवर आपटते आणि त्या दिवसापासून कमरेच्या जरा वर, नेमक्या एकाच जागी दुखायला लागतं. कूस बदलताना जीव जातो. अशा वेळी मणका दबलेला असू शकतो आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत तो दिसेलच असं नाही. बहुतेकदा दबतो तो छातीचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला मणका, म्हणजे रिपोर्टमधले डी-१२ आणि एल-१. बरगड्यांनी जखडलेला ताठ कणा तिथे संपतो, वाकणारा सुरू होतो आणि हिसका नेमका त्या जोडावर बसतो.

एक्स-रे म्हणजे सावली. पुढचं-मागचं सगळं तिच्यात एकावर एक पडतं. मानेच्या बाजूने काढलेल्या फोटोत खांदे आड येतात आणि मानेचा सातवा मणका छातीच्या पहिल्या मणक्याला जिथे मिळतो, तो भाग पांढऱ्यात बुडून जातो. तो दिसत नसेल तर फोटो अपुरा आहे, नॉर्मल नाही. शिवाय आडवं झोपवलं की दबलेला मणका कधीकधी जरासा उघडतो आणि फोटोत ठाकठीक दिसतो. मानेच्या इजांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात साध्या एक्स-रेने सुमारे ५२ टक्के इजा पकडल्या होत्या, सीटी स्कॅनने ९८ टक्के. म्हणूनच मोठ्या अपघातातल्या रुग्णाला आता थेट सीटीला नेतात.

सीटीचं खरं कौशल्य दिसतं ते निखळलेल्या सांध्यांत. मानेच्या मणक्यांचे मागचे छोटे सांधे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक टेकलेले असतात. हिसक्याने वरचं कौल खालच्याला ओलांडून पुढे गेलं, की तिथेच अडकतं. एका बाजूचा सांधा निखळला तर वरचा मणका साधारण पाव भाग पुढे सरकतो, दोन्ही बाजूंचे निखळले तर निम्मा. सरकणं एक्स-रेतही मोजता येतं. पण कोणत्या बाजूचा सांधा अडकलाय, हाडाचा तुकडा मज्जारज्जूच्या नळीत घुसलाय का, हे सीटीचे मिलिमीटरभर जाडीचे काप सांगतात.

पण आजीबाईंच्या बाबतीत सीटीही एका प्रश्नाला अडतो. मणका दबलेला आहे खरा, पण तो आत्ता दबला की पाच वर्षांपूर्वी? हाडं ठिसूळ झालेल्या वयात कितीतरी मणके कुणाला पत्ता न लागता दबतात. हाडाचा आकार तारीख सांगत नाही. ती सांगतं हाडातलं पाणी, आणि ते पाहण्याची एमआरआयमधली युक्ती मला फार आवडते. रेडिओलॉजिस्ट तिला 'स्टर' म्हणतात.

पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरपूर असतो. त्याचे प्रोटॉन म्हणजे इवलेसे चुंबक. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात त्या सगळ्यांच्या चुंबकत्वाची बेरीज यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने उभी राहते. सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींचा मोजून-मापून झटका दिला, की ती बेरीज पूर्ण उलटी होते, अधिकची उणे होते. मग ती हळूहळू परत यायला लागते. उणेकडून अधिककडे जाताना शून्य ओलांडावंच लागतं, आणि सगळी गंमत त्या शून्यात आहे. चरबी लवकर सावरते, पाणी फार सावकाश. चरबीच्या सावरण्याच्या कालमानाला ०.६९ ने, म्हणजे २ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणलं, की तिचा शून्याचा क्षण मिळतो. दीड टेस्लाला तो झटक्यानंतर साधारण १५० ते १७० मिलिसेकंदांनी येतो. बरोबर त्याच वेळी संकेतांचं वाचन सुरू केलं, तर चरबीकडे द्यायला काहीच नसतं. पाणी अजून बरंचसं उलटंच असतं. चित्र करताना उणे-अधिक सोडून फक्त आकडा धरतात, त्यामुळे चरबी काळी आणि पाणी लख्ख पांढरं उमटतं. काही ऊती चित्रात उठून दिसाव्यात म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर मात्र स्टर काढत नाहीत. ते शोषणाऱ्या ऊतींचं कालमान चरबीइतकं खाली येऊ शकतं आणि मग दाखवायची गोष्टच शून्यात गडप होते.

म्हातारपणी मणक्याच्या मगजात बरीचशी चरबी असते, म्हणून स्टरमध्ये निरोगी मणका काळपट दिसतो. ताज्या फ्रॅक्चरमध्ये रक्त आणि सूज, म्हणजे पाणी. तेवढाच मणका उजळतो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी सूज ओसरते, चरबी परतते आणि मणका दबलेलाच राहून पुन्हा काळा पडतो.

मणक्यांना मागून बांधून ठेवणारे लिगामेंटचे पट्टेही असेच तपासता येतात. अखंड पट्टा काळी रेघ म्हणून दिसतो, फाटला की रेघ तुटते आणि भोवती पांढरं पसरतं. फ्रान्सिस डेनिस यांनी १९८३ साली कणा पुढचा, मधला आणि मागचा अशा तीन स्तंभांत विभागला. त्यांतले दोन कोसळले तर कणा सहसा अस्थिर मानतात. अशा कण्याला हलवणं म्हणजे मज्जारज्जूशी खेळणं. आणि आपल्याकडे अजूनही उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेतात! जन्मताना कुणाचे पाय आधी आले, याचा दुसऱ्याच्या मणक्याशी काडीचाही संबंध नाही. पडल्या-आपटल्यानंतरच्या दुखण्यावर हे उपचार जिवावर बेतू शकतात.

स्टरवर उजळणारा प्रत्येक मणका मोडलेला असतो असंही नाही. क्षय मणक्यात शिरला तरी तो उजळतो, कर्करोग पसरला तरी उजळतो. म्हणून रेडिओलॉजिस्ट दोन मणक्यांमधली चकती शाबूत आहे का, मोडल्याची रेघ दिसते का, हे बघतो आणि चरबी पांढरी दाखवणाऱ्या दुसऱ्या चित्रांशी ताडून पाहतो. तपासणीला जाताना पडल्याची तारीख आणि कपाटातले जुने एक्स-रे सोबत न्यावेत. दोन वर्षांपूर्वीच्या छातीच्या फोटोत तोच मणका तितकाच दबलेला सापडला, तर आजचं दुखणं दुसरीकडे शोधावं लागतं.