दोन इंजिने, चार सीटा आणि नवतप्याची हवा

गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. धानाच्या बांध्यांवरून लांब पंखांची पांढरी छोटी विमाने घिरट्या घालताना दिसतात, त्यांतले दोन इंजिनांचे म्हणजे डायमंड डीए-42. पायलट धरून चार माणसे बसतात. अशा विमानाने लांबचा प्रवास कितपत परवडतो, हे सीटांपेक्षा वजन आणि उष्णता ठरवतात.

बिरसी ते पुणे हवाई अंतर सुमारे 740 किलोमीटर. 160 नॉट, म्हणजे ताशी 296 किलोमीटर वेग धरला तर वारा नसताना अडीच तास. समोरून 30 नॉटचा वारा लागला की तीन तास पाच मिनिटे. दोन्ही इंजिने मिळून तासाला साधारण 50 लिटर इंधन पितात, म्हणजे 155 लिटर. त्यावर 45 मिनिटांचे राखीव 38 लिटर, शिवाय पुण्याला उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचे वेगळे. मुख्य टाक्यांत मावते सुमारे 190 लिटर. जादा टाक्यांत 100 लिटर भरले की 80 किलो वाढले, म्हणजे एक माणूस खाली राहिला. म्हणून प्रवाशांना वजन तोंडी विचारू नये, सामानासकट काट्यावर उभे करावे.

डीए-42 ची इंजिने डिझेल जातीची आहेत आणि मोठ्या विमानांचेच जेट इंधन घेतात, ते नागपुरात मिळते. बीचक्राफ्ट बॅरनसारख्या पेट्रोल इंजिनाच्या विमानाला एव्हगॅस, म्हणजे विमानांचे खास पेट्रोल लागते आणि ते मोजक्याच ठिकाणी मिळते.

आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस घ्या. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 फुटांवर. या उंचीवर प्रमाण हवेचे तापमान 13 अंश धरतात. पारा 45 वर गेला की फरक 32 अंशांचा, आणि दर जादा अंशाला हवा साधारण 120 फूट उंच गेल्यासारखी विरळ होते. म्हणजे धावपट्टीवरच हवा 4,800 फुटांवरच्या इतकी विरळ. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर त्याची ताकद राखतो, पण पंखांना तीच विरळ हवा मिळते. धाव लांबते, चढ मंदावतो.

अशा वेळी एक इंजिन बंद पडले तर ताकद निम्मी होते, पण चढ निम्म्याने नव्हे, 80 टक्क्यांहून जास्त घटतो. कारण उरलेली बहुतेक ताकद नुसते उंचीवर टिकण्यातच जाते. बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला आडवी राहिली तर ओढ आणखी वाढते, म्हणून ती वाऱ्याच्या दिशेत वळवावी लागतात. वेगमापकावरच्या निळ्या रेघेवर एका इंजिनाने सर्वांत चांगला चढ मिळतो. वेग लाल रेघेखाली गेला की रडर, म्हणजे शेपटीचे उभे सुकाणू, अपुरे पडते आणि विमान बंद इंजिनाच्या बाजूला कलंडते.

दोन इंजिने म्हणजे दोन स्वतंत्र आधार, असेही नेहमी नसते. मार्च 2007 मध्ये जर्मनीतल्या स्पायर इथे एका डीए-42 ची बॅटरी उतरलेली होती. इंजिने बाहेरच्या विजेवर सुरू केली. उड्डाणानंतर चाके आत घेताना व्होल्टेज पडले, इंजिनांचे संगणक बंद झाले आणि दोन्ही इंजिने एकदमच थांबली.

तरीही देवरीपासून गडचिरोलीकडच्या जंगलावरून जायचे असेल तर दुसरे इंजिन हवेच. खाली उतरायला सपाट शेत नाही, आणि धानाच्या बांध्यांत उतरावे तर धुरे, म्हणजे बांध, चाके तोडतात.

आरामाचे म्हणाल तर केबिनमध्ये जास्तीचा हवेचा दाब नसतो. 10,000 फुटांच्या वर फार वेळ राहायचे तर ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत याच उंचीपर्यंत धक्के देतात. शौचालय नसल्याने तीन तासांची मर्यादा पाळलेली बरी. हेडसेट सगळ्यांनाच लागतो. सकाळी सहाला निघालात तर नवाच्या सुमारास पोहोचता. परतीला दुसरी पहाट धरा.

जमिनीवर मात्र पारदर्शक छताखाली भट्टी होते. म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे विमान चाकांवर धावपट्टीकडे नेताना, छताला थोडी फट ठेवतात. धावपट्टीवर जाण्यापूर्वी छताचा खटका पूर्ण बसला की नाही, हे हाताने ढकलून पाहायचे असते.