वित्त विधेयक समितीकडे का जात नाही? करकायद्यांवरील संसदीय देखरेखीची पार्श्वभूमी

नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून अमलात आला. त्याचे पहिले विधेयक 13 फेब्रुवारी 2025 रोजी लोकसभेत मांडले गेले आणि लगेच 31 खासदारांच्या प्रवर समितीकडे (एकाच विधेयकाच्या छाननीसाठी नेमलेल्या समितीकडे) गेले. बैजयंत पांडा अध्यक्ष असलेल्या या समितीने 21 जुलैला 285 शिफारशींचा अहवाल दिला. 8 ऑगस्टला सरकारने मूळ विधेयक मागे घेतले, 11 ऑगस्टला दुरुस्त विधेयक आणले आणि लोकसभेने ते त्याच दिवशी, गदारोळात, चर्चेविना आवाजी मतदानाने मंजूर केले.

म्हणजे समितीत पाच महिने आणि सभागृहात काही मिनिटे. करकायद्यांच्या बाबतीत हे प्रमाण नवे नाही. उलट या कायद्याच्या वाट्याला समिती तरी आली. दरवर्षी आपले कर ठरवणाऱ्या वित्त विधेयकाला ती मिळत नाही.

आधी समितीने नेमके काय केले ते पाहू. मूळ मसुद्यात परतावा मागायचा तर विवरणपत्र मुदतीतच भरलेले हवे, अशी अट शिरली होती. ज्यांचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे, पण बँकेने व्याजावर टीडीएस कापला आहे, त्यांना या अटीचा थेट फटका बसला असता, कारण त्यांच्यापैकी बरेच जण विवरणपत्र भरतात तेच मुळी परताव्यासाठी, आणि पुष्कळदा उशिरा. समितीने ही अट काढायला लावली. घरभाड्याच्या उत्पन्नात 30 टक्के प्रमाणित वजावट पालिकेचा कर वजा केल्यानंतरच्या रकमेवर मिळेल, हे तिने स्पष्ट करून घेतले. भाड्याने दिलेल्या घरासाठी बांधकामपूर्व काळातील व्याजाची वजावट मिळते, हेही मसुद्यात नीट यायचे राहिले होते. झडतीच्या वेळी ईमेल, क्लाउड यांसारख्या ‘आभासी डिजिटल अवकाशा’त शिरण्याचा अधिकाऱ्यांचा अधिकार मात्र तसाच राहिला. समिती मसुद्यातल्या चुका चांगल्या पकडते; सरकारने ठरवलेल्या धोरणापुढे तिचा जोर ओसरतो. तरी या चुका पकडल्या गेल्या नसत्या, तर त्या अपिलांमध्ये वर्षानुवर्षे भांडत बसाव्या लागल्या असत्या.

1961चा कायदाही असाच घडला होता. विधी आयोगाचा 12वा अहवाल आणि महावीर त्यागी समितीचा अहवाल यांच्या आधारे मसुदा झाला, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना विधेयक प्रवर समितीकडे गेले आणि 1 एप्रिल 1962 पासून कायदा लागू झाला. पुढच्या सहा दशकांत 298 कलमांच्या त्या कायद्याला 80सी, 115बीएए अशी जी असंख्य पोटकलमे फुटली, ती मात्र बहुतांशी वित्त विधेयकांतून आली, समितीविना.

घाई येते कुठून?

राज्यघटनेचे कलम 265 म्हणते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. हा हक्क सहज मिळालेला नाही. 1919च्या कायद्याने केंद्रीय विधानसभा आली, पण 1923 मध्ये मिठावरचा कर दुप्पट करायला सभागृहाने नकार दिला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी प्रमाणनाचा, म्हणजे सभागृहाने नाकारलेले विधेयक आवश्यक ठरवून लागू करण्याचा, अधिकार वापरून तो लादला. 1924 मध्ये स्वराज्य पक्षाच्या पुढाकाराने सभागृहाने अख्खे वित्त विधेयक फेटाळले. तेही तसेच पुढे रेटले गेले. कलम 265 मागे हा अनुभव आहे.

पण अडचण व्यवहारातली आहे. दारू-सिगारेटवरचा कर उद्यापासून वाढणार असे जाहीर करून विधेयक दोन महिने चर्चेत ठेवले, तर व्यापारी जुन्या दराने गोदामे भरून घेतील. ब्रिटनमध्ये म्हणून कायदा होण्याआधी केवळ सभागृहाच्या ठरावाच्या जोरावर कर वसूल करण्याची प्रथा पडली होती. गिब्सन बोल्स नावाच्या माजी खासदाराने बँक ऑफ इंग्लंडवर दावा लावून 1912 मध्ये ती बेकायदा ठरवून घेतली, आणि 1913 मध्ये तिथे तात्पुरत्या करवसुलीचा कायदा करावा लागला. भारतातला तसाच कायदा 1931चा. 2023 मध्ये त्याच्या जागी नवा आला. सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्कातली वाढ विधेयक मांडल्याच्या मध्यरात्रीपासून लागू होते, पण 75 दिवसांत विधेयक मंजूर झाले नाही तर वाढीव वसुली परत करावी लागते. वित्त विधेयकाच्या शेवटी एक छोटी घोषणा छापलेली असते: अमुक खंड लोकहितार्थ तात्काळ लागू होतील. घड्याळ सुरू होते ते त्या चार ओळींनी.

आयकर या कायद्यात बसत नाही. त्याची सोय 1961च्या कायद्यातील कलम 294 मध्ये होती: 1 एप्रिलपर्यंत नवे दर मंजूर झालेले नसतील, तर मागील वर्षाचे किंवा विधेयकातले, जे करदात्याला अधिक फायद्याचे असतील ते धरायचे. तेव्हा 75 दिवसांची निकड फक्त अप्रत्यक्ष करांच्या काही खंडांना आहे. भांडवली नफ्याची व्याख्या बदलायला किंवा न्यायाधिकरणांची रचना मोडायला ती लागू पडत नाही. तरी हे सगळे एकाच विधेयकात बांधले की सगळेच तातडीचे होते.

2017 पासून अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला येऊ लागला. 31 मार्चपूर्वी सगळे उरकावे आणि लेखानुदानाची (पूर्ण मंजुरीआधी खर्चासाठी घ्यायच्या तात्पुरत्या परवानगीची) गरज पडू नये, हा हेतू. पूर्वी फेब्रुवारीअखेर सादर होणारा अर्थसंकल्प मे महिन्यापर्यंत चाले. आता त्याला दोन महिन्यांहून कमी मिळतात.

स्थायी समिती काय पाहते

विभागवार स्थायी समित्या 1993 मध्ये सुरू झाल्या. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील होते. सुरुवातीला 17, 2004 पासून 24. प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. मंत्री सदस्य होऊ शकत नाही, बैठका बंद दाराआड. वित्तविषयक स्थायी समिती अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मध्यंतरात महसूल विभागाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते. मात्र मागणी म्हणजे खर्च. प्रत्यक्ष कर मंडळाला पगार, संगणक आणि इमारतींसाठी किती पैसे हवेत, किती पदे रिकामी आहेत, थकबाकी किती साचली आहे, यावर समिती सचिवांना घाम फोडू शकते. 30 टक्क्यांचा दर 25 का नाही, हा प्रश्न त्या कागदांत येतच नाही. मागणीची रक्कम कमी करण्यासाठी खासदार मांडतात त्या कपात सूचनांचेही तेच. धोरण-कपातीत मागणी एक रुपयावर आणायची, प्रतीक-कपातीत शंभर रुपयांनी कमी करायची. दोन्ही हत्यारे खर्चावर चालतात, करावर नाहीत.

करावर बोलायचे तर वित्त विधेयकातच, आणि तिथे घटनेनेच हात बांधले आहेत. कलम 117 प्रमाणे कर बसवणारी दुरुस्ती राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे सरकारच्या संमतीशिवाय, मांडता येत नाही. कर कमी करणारी किंवा रद्द करणारी दुरुस्ती कोणताही खासदार मांडू शकतो. पण ती मंजूर होणे म्हणजे सरकारचा पराभव, म्हणून ती मंजूर होत नाही. वित्त विधेयक धन विधेयक म्हणून येते, आणि राज्यसभेला धन विधेयक 14 दिवसांत परत करावे लागते आणि तिच्या सूचना लोकसभेवर बंधनकारक नसतात. 29 मार्च 2017 रोजी राज्यसभेने वित्त विधेयकात पाच दुरुस्त्या मंजूर केल्या. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने पाचही फेटाळल्या.

त्या वर्षीचे विधेयक एरवीही लक्षात ठेवण्याजोगे आहे. निवडणूक रोखे, कंपन्यांच्या देणग्यांवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा काढणे, अनेक न्यायाधिकरणांचे विलीनीकरण, हे सारे त्यात होते. न्यायाधिकरणांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये रद्द केले, रोखे 15 फेब्रुवारी 2024 रोजी. संसदेत जी तपासणी व्हायला हवी होती ती न्यायालयात झाली, आणि मधली जवळपास सहा वर्षे, 2018 पासून, रोखे विकले जात राहिले.

शेवटच्या दिवशीच्या दुरुस्त्या

करसल्लागारांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती मंजुरीच्या दिवशी येणाऱ्या सरकारी दुरुस्त्यांची. लोकसभेच्या कामकाज नियम 80 मधील पहिली अट अशी की दुरुस्ती विधेयकाच्या व्याप्तीत असली पाहिजे. अगदी नवा विषय घुसवायचा असेल, तर अर्थमंत्री आधी प्रस्ताव मांडतात की या दुरुस्तीपुरता नियम 80(1) स्थगित करावा. आवाजी मतदान होते, नियम स्थगित होतो, नवा खंड आत येतो. कामकाजाच्या वृत्तांतात हे वाक्य पुन्हा पुन्हा सापडते.

2023चे उदाहरण घ्या. 1 फेब्रुवारीच्या मूळ विधेयकात बाजाराशी जोडलेल्या कर्जरोख्यांच्या नफ्यावर करदात्याच्या दराने कर लावण्याचा प्रस्ताव होता. 24 मार्चला 64 दुरुस्त्या आल्या. त्यांतल्या एकीने, ज्या म्युच्युअल फंडांची देशी समभागांतली गुंतवणूक 35 टक्क्यांपेक्षा जास्त नाही ते फंडही त्याच कक्षेत ओढले. 1 एप्रिलपासून घेतलेल्या युनिट्सना महागाई निर्देशांकाचा फायदा (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून नफा मोजण्याची सोय) संपला. डेट फंडात, म्हणजे मुख्यतः कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या फंडात, पैसे ठेवणाऱ्यांच्या हाती सूचना आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये एक आठवडा उरला. विधेयक त्या दिवशी चर्चेविना मंजूर झाले. 2018 मध्येही 14 मार्चला सगळ्या मागण्या गिलोटिनखाली घालून (चर्चा न करता एकदम मताला टाकून) वित्त विधेयक बोलण्याविना संमत झाले होते. त्यात परकीय देणग्यांच्या जुन्या कायद्यातील बदल 5 ऑगस्ट 1976 पासून पूर्वलक्षी करणारी तरतूद होती.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. जुलै 2024च्या अर्थसंकल्पाने घर-जमिनीच्या विक्रीवर निर्देशांक काढून सरसकट साडेबारा टक्के दर आणला. जुनी घरे विकणाऱ्यांत ओरड झाली, खासदारांनी ती सभागृहात नेली आणि ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली: 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना जुना हिशेब, 20 टक्के निर्देशांकासह, निवडता येईल. गिलोटिन न लागता दोन आठवडे मिळाले की एवढे होऊ शकते.

1961च्या कायद्याच्या जागी आणायच्या प्रत्यक्ष कर संहितेची कथा या दोन्हींच्या मधली आहे. प्रणव मुखर्जींनी ऑगस्ट 2010 मध्ये मांडलेल्या विधेयकावर यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालील वित्तविषयक स्थायी समितीने मार्च 2012 मध्ये अहवाल दिला. करमुक्त मर्यादा तीन लाख करा, आणि करटाळणीविरोधी ‘गार’ तरतुदीत हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी विभागावर टाका, असे तिने सांगितले. संहिता 2014 मध्ये लोकसभेची मुदत संपताच व्यपगत (आपोआप रद्द) झाली. पण 2012च्या वित्त विधेयकात ‘गार’ आले तेव्हा टीकेनंतर करदात्यावरचा पुराव्याचा भार काढला गेला, अंमलबजावणी लांबली आणि शेवटी ती 1 एप्रिल 2017 पासून झाली. त्याच विधेयकातली व्होडाफोन प्रकरणाची पूर्वलक्षी (जुन्या व्यवहारांनाही कर लावणारी) दुरुस्ती कोणत्याही समितीपुढे गेली नव्हती. ती ऑगस्ट 2021 मध्ये वेगळा कायदा करून गुंडाळावी लागली.

जे सभागृहात येतच नाही

दराचा मोठा भाग अधिसूचनेने बदलतो. 23 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, वित्त विधेयकात दुरुस्ती होऊन पेट्रोलवरील विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काची कमाल मर्यादा लिटरला 10 वरून 18 रुपये आणि डिझेलवरील 4 वरून 12 रुपये झाली. कर त्या दिवशी वाढला नाही, फक्त छत उंच झाले. मे महिन्यात कच्चे तेल कोसळल्यावर अधिसूचनेने पेट्रोलवर एकूण 10 आणि डिझेलवर 13 रुपये वाढले. त्यातले 8-8 रुपये रस्ते उपकराचे. उपकर आणि अधिभार राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत, त्यामुळे या वाढीतून महाराष्ट्राच्या किंवा गोव्याच्या तिजोरीत विभाज्य (राज्यांशी वाटायच्या) करांचा वाटा म्हणून काही आले नाही.

जीएसटीचे दर कलम 279अ खालील परिषद सुचवते. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. संसदेला त्या अधिसूचना नंतर दिसतात: केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम 166, सीमाशुल्क कायद्याचे कलम 159 आणि सेबी कायद्याचे कलम 31 सांगते की नियम-विनियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावेत. 30 दिवसांत दोन्ही सभागृहांनी बदल सुचवला किंवा नियम रद्द केला तर तो बंधनकारक, पण तोवर जे झाले ते वैध. असे नियम तपासण्याचे काम लोकसभेची गौण विधान समिती 1953 पासून पाहते. मात्र कागदांचा ढीग प्रचंड आणि सदस्य मोजके.

नियामकांची झडती संसदेने खरी घेतली ती घोटाळ्यांनंतर. 1957 मध्ये फिरोझ गांधींनी आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा कंपन्यांतील सव्वा कोटींच्या गुंतवणुकीवर लोकसभेत प्रश्न लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी खुली चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी गेले. 1992च्या रोखे घोटाळ्यावर मिर्धा आणि 2001च्या शेअर घोटाळ्यावर त्रिपाठी, अशा दोन संयुक्त समित्या बसल्या.

लोकलेखा समिती त्याहून जुनी, 1921ची, आणि 1967 पासून तिचे अध्यक्षपद विरोधकांकडे. महालेखापालांच्या अहवालावरून ती आकारणीतल्या चुका, बुडालेला कर, परताव्यांचा घोळ खणून काढते, पण वर्ष उलटून गेल्यावर. करसवलतींपायी किती महसूल सोडला, याचे विवरण 2006-07 पासून अर्थसंकल्पासोबत येते. त्यावर सभागृहात स्वतंत्र मतदान होत नाही.

वित्त विधेयक मंजूर झाल्यावर ‘मांडल्याप्रमाणे’ आणि ‘लोकसभेने मंजूर केल्याप्रमाणे’ अशा दोन प्रती लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. मध्येच ‘क’, ‘ख’ जोडून आलेले खंड पहिल्या प्रतीत नसतात. ते आधी वाचावेत, मग त्या दिवशीचा वृत्तांत उघडून नियम 80(1) किती वेळा स्थगित झाला ते मोजावे.