उपप्रश्नाचा हक्क : मंत्र्यांना जाब विचारण्यामागचा इतिहास

विधिमंडळात छापून येणाऱ्या तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नांना एक ठरलेला साचा आहे. अमुक तालुक्यातील रस्त्याचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरांचा साचाही तितकाच पक्का. ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ आणि पहिले उत्तर नकारार्थी असले की पुढच्या सगळ्यांसाठी एकच, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ प्रश्नावर आमदाराचे नाव असते आणि उत्तरावर मंत्र्याचे, पण उत्तराचा मसुदा आलेला असतो जिल्ह्याच्या कार्यालयातून, कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून, सचिवांच्या सहीने. एवढ्यावरच सगळे थांबले असते तर हा कागदी पत्रव्यवहार झाला असता. खरा भाग सुरू होतो तो सदस्य उभा राहून त्या उत्तरावर आणखी प्रश्न, म्हणजे उपप्रश्न, विचारतो तेव्हा. तिथे मंत्र्यासमोर छापील कागद नसतो. खात्याची माहिती असते किंवा नसते, आणि ते सभागृहाला दिसते.

भारतातल्या संसदीय प्रश्नांचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या उपप्रश्नासाठी झालेली ओढाताण आहे. ब्रिटनच्या संसदेत नोंदला गेलेला पहिला प्रश्न १७२१ सालचा. साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटल्यावर तिचा खजिनदार रॉबर्ट नाइट परागंदा झाला होता, त्याच्याबद्दल लॉर्ड काउपरने सरकारला विचारणा केली. म्हणजे सुरुवातही पैशाच्या घोटाळ्यानेच झाली. पण तिथली ही रीत इथे आपोआप आली नाही, उलट येऊ लागली तेव्हा मुद्दाम अडवली गेली. १८५३ च्या सनदी कायद्याने बनलेले कायदेमंडळ डलहौसीच्या काळात सरकारकडे खुलासे मागू लागले, छोट्या पार्लमेंटसारखे वागू लागले. लंडनला ते रुचले नाही. १८६१ च्या कायद्याने मंडळाचे काम फक्त कायदे करण्यापुरते आखून दिले. प्रश्न विचारायचा नाही, आणि अंदाजपत्रकावर बोलायचे तेही नवा कर बसवणारा कायदा समोर असेल तरच.

हे दार १८९२ च्या कायद्याने किलकिले झाले. सहा दिवस आधी सूचना द्यायची, प्रश्न माहिती मागण्यापुरता ठेवायचा, त्यात युक्तिवाद नको, अध्यक्षाला तो नाकारण्याची मुभा, आणि उत्तर आले की त्यावर चर्चा नाही. उपप्रश्न तर नाहीच. या नियमांखाली मध्यवर्ती कायदेमंडळात पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंगाच्या महाराजांनी विचारला. दौऱ्यावरच्या साहेबांच्या छावण्यांना शिधा पुरवताना गावातल्या दुकानदारांना जो त्रास होतो, त्याबद्दल तो होता. अंदाजपत्रकावर दरवर्षी बोलण्याची सोयही याच कायद्याने झाली, पण मत देण्याचा किंवा एखादी रक्कम बदलण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही.

मुंबई इलाख्यातून फिरोजशहा मेहता आधी प्रांतिक आणि मग मध्यवर्ती मंडळात गेले. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले, १८९७ मध्ये पुन्हा आले, आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात ते पर्व संपले. या अर्ध्यामुर्ध्या हक्काचा सर्वांत कसून वापर केला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. २६ मार्च १९०२ च्या त्यांच्या पहिल्या मध्यवर्ती अंदाजपत्रकीय भाषणाचे महत्त्व आजही कमी लेखले जाते, असे मला वाटते. सरकारात अर्थखाते सांभाळणारे अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी मोठी शिल्लक दाखवली होती आणि सभागृहात अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील व्हायला नकार दिला. दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशाच्या तिजोरीत शिल्लक उरते याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत, असे त्यांचे म्हणणे. रुपयाचा भाव कृत्रिमरीत्या चढा ठेवल्यामुळे ही शिल्लक कशी तयार झाली, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून मांडले.

ही हातोटी एकट्याची नव्हती. १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने रयतेच्या स्थितीची पाहणी, सरकारी अहवालांची छाननी आणि त्यावर निवेदने लिहिणे हे काम वर्षानुवर्षे चालवले होते. न्यायमूर्ती रानडे त्याच्या मध्यभागी होते. सरकारी शाळेत हेडमास्तर राहिलेले गणेश व्यंकटेश जोशी अर्थकारणाच्या आकड्यांत मुरलेले होते आणि गोखल्यांच्या भाषणांमागे त्यांची मदत असे. मतदानाचा हक्क नसलेल्या माणसाला एकच शस्त्र उरते, सरकारच्या हिशेबातून सरकारलाच अडचणीत आणणे, आणि पुणेकरांनी ते पुरेपूर घासून ठेवले होते. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. श्रेय एकट्या गोखल्यांचे नाही, पण दरवर्षी तोच मुद्दा नव्या आकड्यांसह उभा करणारे ते होते.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत उपप्रश्न आला, पण ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. बाकीच्यांनी ऐकत बसायचे. प्रत्येक सदस्याला उपप्रश्नाची मोकळीक मिळाली ती १९१९ च्या कायद्यानंतर, आणि १९२१ पासून बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला जाऊ लागला. त्याच वर्षी मध्यवर्ती पातळीवर सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती आली. तिचे अध्यक्षपद मात्र खुद्द अर्थसदस्याकडे. ज्याचा हिशेब त्यानेच तपासायचा, असा हा मासला १९५० पर्यंत चालला.

मुंबईच्या कायदेमंडळाने या काळात जे केले त्यातली एक गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तिची खर्चाची बाजू सहसा सांगितली जात नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मांडलेला ठराव सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा होता, आणि त्याचा आधार होता सार्वजनिक पैसा. जे सरकारी निधीतून बांधले किंवा चालवले जाते त्यावर कोणाचीही मक्तेदारी नाही. ठराव मंजूर झाला, सरकारी आदेश निघाले, नगरपालिका ढिम्म राहिल्या. मग १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला, जी स्थानिक मंडळे अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान रोखा. महाडचे चवदार तळे या ठरावांच्या जोरावर कागदोपत्री खुले झाले होते. पाणी प्यायला मात्र १९२७ च्या मार्चमध्ये सत्याग्रह करावा लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच वर्षी नियुक्त सदस्य म्हणून या मंडळात बसू लागले होते. फेब्रुवारीत त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या माणसाला आयकर माफ, मग पीक येवो न येवो, चिमूटभर जमीन असलेल्या शेतकऱ्याकडून सारा का वसूल करता, असा त्यांचा सवाल होता. मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आणखी एक जोडी समोर ठेवली. इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात, आणि दारूच्या करातून दरडोई दोन रुपयांहून जास्त गोळा होतात. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण आणि अबकारी ही खाती लोकांना जबाबदार मंत्र्यांकडे, पण वित्त खाते राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या ताब्यात होते. मंत्र्याला जाब विचारता येई, तिजोरीची किल्ली मात्र त्याच्या हातात नसे. आजही एखादा मंत्री ‘वित्त विभागाकडे प्रस्ताव पाठवला आहे’ म्हणतो तेव्हा या व्यवस्थेची आठवण होते, फक्त आता ती सबब घटनात्मक राहिलेली नाही.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा प्रश्नांना पहिल्यांदाच पूर्ण जबाबदार सरकार उत्तर देऊ लागले. विधानसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कारकीर्द अहमदाबादेतली. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांच्याच काळात, १९५३ मध्ये, आश्वासन समिती स्थापन झाली. ‘चौकशी करण्यात येईल’, ‘विचाराधीन आहे’ असे मंत्री सभागृहात म्हणाले की त्याची नोंद होते आणि ते पाळले गेले की नाही हे समिती पाहते. प्रश्नोत्तराच्या साऱ्या व्यवस्थेत मला हे सर्वांत व्यवहारी पाऊल वाटते.

प्रश्नालाही बाजारभाव असू शकतो, हे तोवर उघड झाले होते. १९५१ मध्ये हंगामी संसदेतले सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याचा ठपका आला. चौकशी समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. हकालपट्टीचा ठराव येताच मुद्गलांनी राजीनामा दिला. २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यांसमोर पैसे घेणारे ११ खासदार संसदेने काढले, त्यांत दोघे खानदेशातले होते.

पण उपप्रश्नाची ताकद कळते ती १९५७ च्या मुंदडा प्रकरणात, आणि या वेळी कोंडीत सापडले ते आता अर्थमंत्री असलेले कृष्णम्माचारीच. नुकत्याच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपास रकमेचे शेअर घेतले होते. लोकसभेत पहिल्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर मिळाले. राम सुभग सिंग आणि फिरोज गांधी दोघेही सत्ताधारी पक्षाचे, तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. अर्थमंत्र्यांच्या उत्तरातून नवे प्रश्न फुटत गेले आणि डिसेंबरात चर्चा लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा आयोग नेमला गेला. मुंबईतली सुनावणी खुली होती, आत जागा मिळेना म्हणून बाहेर ध्वनिवर्धक लावले गेले. व्यवहार सचिवांनी केला, मला कल्पना नव्हती, हा मंत्र्यांचा बचाव छागलांनी मानला नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

१९६० नंतरच्या महाराष्ट्रात आयुधांची कमतरता नाही. खात्याची मागितलेली रक्कम कमी करण्याची कपात सूचना, अर्धा तास चर्चा, नियम ९७ खालचा स्थगन प्रस्ताव, नियम २९३ खालची चर्चा, आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे नियम १०५ खालची लक्षवेधी. लक्षवेधीत मंत्री निवेदन करतात, त्यावर सदस्य प्रश्न विचारतात, आणि ‘निलंबित करतो’, ‘एसआयटी नेमतो’ अशा घोषणा तिथेच होतात. मतदारसंघात दाखवायला ती सोयीची आहे, म्हणून आमदार तिच्यामागे धावतात. खर्चाच्या बाबतीत मात्र ती तोकडी पडते, कारण एका कामापुरते ती विचारते, खात्याचा हिशेब नाही.

खात्याचा हिशेब विचारला गेल्याचे अलीकडचे मोठे उदाहरण सिंचनाचे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचनाखालच्या क्षेत्राच्या टक्केवारीत जेमतेम ०.१ ची वाढ दिसली, आणि या काळात खर्च झालेल्या सुमारे ७० हजार कोटींचे काय, असा प्रश्न उभा राहिला. आकडा विरोधकांचा नव्हता, सरकारनेच छापलेला होता. गोखल्यांची रीत शंभर वर्षांनी पुन्हा कामी आली. ७० हजार कोटींचा हिशेब आणि ०.१ चा अर्थ, दोन्हींवर सरकार पक्षाने आक्षेप घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला, पुढे श्वेतपत्रिका निघाली, डिसेंबरात ते पुन्हा मंत्रिमंडळात परतले, आणि माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक नेमले गेले.

दरम्यान जी गोष्ट मिळवायला १८९२ ते १९१९ इतका काळ गेला, ती गोंगाटात हातची जाते आहे. प्रश्नोत्तराचा तास वाया गेला की तारांकित प्रश्नांची उत्तरे नुसती पटलावर ठेवली जातात. उत्तर मिळते, उपप्रश्न मिळत नाही. चीन युद्धाच्या वेळी १९६२ मध्ये, आणीबाणीत आणि कोविडच्या २०२० सालात संसदेने हा तासच वगळला होता. गदारोळासाठी मात्र कुणाच्या ठरावाची गरज लागत नाही, आणि त्यात दोन्ही बाजूंचा हातभार असतो.

महालेखापालांच्या अहवालांचे तर आणखी वेगळेच. मुंबईत असो वा नागपुरात, ते बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात येतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे झळकतात, पण सभागृह तोवर संस्थगित झालेले असते. पुढे ते लोकलेखा समितीकडे जातात, तिथे साक्षीला बोलावले जातात ते खात्याचे सचिव, मंत्री नव्हे. समितीचा क्रम लागेपर्यंत वर्षे उलटतात, आणि साक्ष द्यायला येणारा सचिव बहुतेक वेळा तो खर्च मंजूर झाला तेव्हा दुसऱ्याच खात्यात असतो.